शतावरी येईपर्यंत

आमच्या घरात बाथरूम एकच आहे आणि सगळं प्रकरण त्या बाथरूममुळेच उघडकीला आलं. तेव्हा नाक मुरडू नका, मध्ये मध्ये बाथरूमचा विषय येणारच.

मी शिवणकाम करते. नवीन कपडे शिवत नाही, ते दिवस गेले. दुरुस्ती करते. पँटची उंची कमी कर, कोटाचं अस्तर बदल, पोट सुटलेल्या माणसाला त्याचा लग्नातला सूट पुन्हा अंगात चढेल असा करून दे. या कामाला एक खोली लागते. मशीनला उजेड लागतो, कापड पसरायला टेबल लागतं आणि गिऱ्हाइकाला कपडे घालून बघायला आडोसा लागतो. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिची खोली मला मिळाली. मशीन खिडकीशी लावलं, भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा लावला, दारावर पाटीसुद्धा लावणार होते. तेवढ्यात वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. त्यांचे यजमान एका मोठ्या कारखान्यात होते आणि घरही कारखान्याचंच होतं. यजमान गेले, पाठोपाठ घर गेलं. मूलबाळ नाही. हे जाऊन त्यांना घेऊन आले. सामान म्हणजे दोन बॅगा आणि एक खुरपं. खुरपं वर्तमानपत्रात गुंडाळून हातात धरलेलं, जणू कोणी मागायला येणार होतं.

"थोडे दिवस राहील," हे म्हणाले.

थोडे दिवस! माझं मशीन पॅसेजमध्ये आलं. पॅसेजला एक खिडकी आहे, मागच्या अंगणात उघडणारी, तेवढंच नशीब. आरसा पॅसेजमध्ये मावेना, म्हणून तो बाथरूमच्या दाराला आतून लावला आणि माझी गिऱ्हाइकं तेव्हापासून बाथरूममध्ये कपडे बदलायला लागली. बँकेतले एक साहेब येतात, चांगले भारदस्त गृहस्थ. ते एका पायावर उभे राहून पँट चढवताना आमच्या टूथब्रशांचा पेला पाडायचे आणि आतून "सॉरी, सॉरी" म्हणायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हे शहराची बस चालवतात. दिवसभर लोकांचं ऐकून घेतात, त्यामुळे घरी आले की कोणाचंच ऐकत नाहीत. त्यांना काही सांगायला गेलं की "बघू" म्हणायचे. ह्यांचं "बघू" म्हणजे विषय संपला.

हिवाळा सरला आणि एका सकाळी मी खिडकीतून पाहते तर वन्संनी अंगणाच्या मधोमध चर खणलेला. अगदी सरळ, दोरी लावून. बरं, खणलेला कुठे? जिथे माझी कपडे वाळत घालायची दोरी होती तिथे! दोन्ही खांब उपटून भिंतीला टेकवून ठेवलेले. मी हातातलं काम टाकून बाहेर गेले.

"वन्सं, हे काय चाललंय?"

"चर खणतेय."

"ते दिसतंय मला. इथे माझी दोरी होती."

"ऊन दिवसभर इथेच असतं गं. दोरीचं काय, ती तिकडेही बांधता येईल." आणि वर मलाच म्हणाल्या, "जरा ती टोपली दे इकडे."

टोपलीत जुन्या मॉपची डोकी असावीत तसं काहीतरी होतं. शेजारी दातांचे डॉक्टर राहतात, आता निवृत्त आहेत. त्यांनी त्यांच्या वाफ्यातली जास्तीची मुळं दिली होती. शतावरीची. औषधाची नव्हे, भाजीची, जिचे कोवळे कोंब खातात ती. हॉटेलात अ‍ॅस्परॅगस म्हणतात. वन्संनी चराच्या तळाशी मातीचा लांबच लांब उंचवटा केला होता. त्यावर एकेक गड्डा बसवायच्या आणि त्याची मुळं दोन्ही बाजूंना पसरून द्यायच्या, लहान मुलीचे केस विंचरतात तशी. मग वर बोटभर माती. सगळा चर एकदम बुजवायचा नाही, कोंब वर येत जातील तशी माती लोटत जायची. हे सगळं त्यांनी मला न विचारता समजावून सांगितलं.

"आणि खायला कधी मिळणार?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी हात लावायचा नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मुळांनी आधी अंग धरायला हवं. तिसऱ्या वर्षी थोडे दिवस कापायची. मग मात्र वीस वर्षं बघायला नको."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आता मला सांगा, थोडे दिवस राहायला आलेलं माणूस दुसऱ्याच्या अंगणात तीन वर्षांनी येणारी भाजी लावतं का? मुळा लावावा, पालक लावावा. मी स्पष्ट बोलणारी बाई आहे, पोटात ठेवलं की मला पित्त होतं.

"वन्सं, तुम्ही इथे किती दिवस राहणार आहात ते एकदाचं सांगून टाका."

त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. त्यांनी वर पाहिलं नाही. एक गड्डा नीट बसवला, त्यावर माती सारली आणि मग म्हणाल्या, "ही खायला येईपर्यंत. पहिलं पीक हाताशी आलं की मी माझं बघते. शब्द देते तुला."

रात्री ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. मी हसले नाही. मी ते शब्द मनात पक्के बांधून ठेवले.

पहिल्या वर्षी दोऱ्यासारखे कोंब आले आणि त्यांचा हिरवा, मऊ पिसारा झाला. दुसऱ्या वर्षी बोरूएवढे आले. कोवळे लुसलुशीत, पाहूनच तोंडाला पाणी सुटावं. मी म्हटलं, "चार कापू या की." तर वन्सं अशा धावून आल्या की विचारू नका. तेही सगळे वाढू दिले. पिसारा माणसाएवढा झाला, हिवाळ्याच्या तोंडाशी पिवळा पडला, तेव्हाच त्यांनी तो कापला आणि वाफ्यावर खताचं पांघरूण घातलं. तण तर त्या हाताने उपटायच्या. खुरप्याने मुळांना धक्का लागतो म्हणे. रोज सकाळी पोत्याची घडी गुडघ्यांखाली घेऊन बसायच्या आणि माझ्या खिडकीतून त्यांची पाठ दिसायची.

आमची भांडणंही रोज व्हायची. नळ नीट बंद न करण्यावरून, रेडिओच्या आवाजावरून, मिठावरून. त्या अळणी करायच्या, मी खारट करते, हे मधे बसून निमूटपणे गिळायचे. पण खोटं कशाला बोलू, कामाला बाई वाघीण होती. संध्याकाळी न सांगता माझ्यासमोर येऊन बसायच्या आणि उसवायचे कपडे मांडीवर घ्यायच्या. शिवण उसवणं हे शिवण्याहून किचकट काम आहे, कापड ओढलं की संपलं. वन्संनी एकदाही कापड ओढलं नाही. मी तापाने झोपले होते तेव्हा त्यांनी सगळी गिऱ्हाइकं सांभाळली. वर बँकेतल्या साहेबांना दारातच सांगितलं की पोट कमी करा, पँट किती वेळा सैल करायची! साहेब खूश होऊन गेले. मी असं बोलले असते तर गिऱ्हाईक तुटलं असतं.

पण खोली ती खोली. तिसरा हिवाळा संपत आला तशी मी सगळ्यांना सांगायला लागले की यंदा खोली मोकळी होणार. सुताराला बोलावलं, भिंतीला फळ्या मारून घ्यायच्या होत्या. तो माप घ्यायला आला तेव्हा वन्सं खोलीतच होत्या. टेपचं एक टोक धरायला कोणी नव्हतं, तर त्यांनीच धरलं. सुतार म्हणाला, "आजी, थोडं वर." त्यांनी टाचा उंचावून टोक थोडं वर धरलं. मी दारात उभी होते. मला तेव्हा जरा कसंतरी झालं.

मग ऊन तापायला लागलं. शेजारी डॉक्टरांच्या वाफ्यात कोंब आले. जाडजूड, टोकाला जांभळे. डॉक्टरीणबाई रोज टोपली घेऊन कापायला यायच्या. आणि आमचा वाफा? नुसती काळी माती. एक कोंब दिसेल तर शपथ.

"वन्सं, आपली कशी नाही आली?"

"यंदा थंडी लांबली ना. होतं असं."

"डॉक्टरांकडे नाही का लांबली थंडी? भिंतीपलीकडे वेगळं ऊन पडतं?"

"त्यांची मुळं जुनी आहेत. आपली जागा जरा ओलसर आहे. येईल गं, घाई काय आहे?"

घाई मला होती! मी रोज खिडकीतून मान लांब करकरून पाहायची आणि रोज तीच माती. बरं, माती तरी कशी? हाताने सारवल्यासारखी गुळगुळीत.

नेमका तेव्हाच बाथरूमला वास यायला लागला. घाण म्हणावी तर तशी घाण नाही. शिळा कोबी उकडल्यासारखा काहीतरी. मी फिनेल ओतलं, गरम पाणी ओतलं, फरशी घासून घासून हाताची सालं काढली. वास जाईना. बँकेतले साहेब पँट बदलून बाहेर आले ते रुमाल नाकाला लावूनच. काही बोलले नाहीत, सभ्य माणूस, पण पैसे देऊन जे गेले ते पायऱ्यांवर थांबलेसुद्धा नाहीत.

"अहो, बाथरूममध्ये कसला वास येतोय बघा जरा."

हे आत गेले, बाहेर आले. "मला कसलाच येत नाही."

"वन्सं, तुम्हाला?"

"नाही बाई. मला तरी काही जाणवत नाही."

या दोघा भावंडांना दूध करपून घरभर धूर झाला तरी पत्ता लागत नाही. त्यांच्या वडिलांचंही तसंच होतं म्हणे. मी कपाळाला हात लावला आणि प्लंबरला बोलावलं. त्याने जाळी काढली, पाईप खोलला, टॉर्च मारून पाहिलं, कान लावून ऐकलं. काय ऐकलं देव जाणे. म्हणाला, "बाई, पाईप चकाचक आहे. इथे काही नाही."

"मग वास काय माझ्या मनातून येतोय?"

"तसं मी म्हणालो नाही," तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करून गेला.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीशी ओले कपडे वाळत घालत होते, त्या सावलीतल्या दोरीवर. पलीकडे डॉक्टरीणबाई कोंब कापत होत्या. विषय निघाला म्हणून मी आपलं रडगाणं सांगितलं, प्लंबर येऊन गेला तेही सांगितलं. तर बाई हसायलाच लागल्या. हसता हसता खाली बसल्या.

"अहो, तुम्हीपण ना! शतावरी खाताय आणि प्लंबरला बोलावताय? दर वर्षी आमच्याकडे हेच. ती खाल्ली की लघवीला वास येतो हो. अगदी तासाभरात. शिळ्या कोबीसारखा, बरोबर ना?"

"हो, तस्साच."

"सगळ्यांना कळत नाही तो. आमच्या सुनेला मुळीच येत नाही, ती म्हणते तुम्ही सगळे उगाच नाटकं करता."

मी हातातला शर्ट पिळायची थांबले. "पण आमच्याकडे अजून उगवलीच नाही शतावरी."

"काय सांगता! मी तर तुमच्या वन्संना द्यायला निघाले होते टोपलीभर, तर त्या म्हणाल्या नको, आमची भरपूर आहे."

आमची भरपूर आहे! मी शर्ट तसाच बादलीत टाकला आणि वाफ्याकडे गेले. वन्सं बाजारात गेल्या होत्या. मी खाली बसले आणि बोटाने ती गुळगुळीत माती बाजूला केली. खाली पांढरट खुंट होते. कापलेले. एक, त्याच्या शेजारी दुसरा, पुढे आणखी. पार वाफ्याच्या टोकापर्यंत. मातीच्या आत सुरी घालून सफाईने कापलेले आणि वर माती ओढून लपवलेले. जाड कोंबही कापले होते आणि दाभणाएवढे बारीकही. एकही सोडला नव्हता.

असा राग आला म्हणता! म्हणजे पीक केव्हाच आलं होतं. मी इकडे माना वाकड्या करून बघतेय, सुताराला आज या, उद्या या करतेय, प्लंबरचे टोमणे ऐकतेय आणि ही बाई माझ्या नाकावर टिच्चून सगळं एकटी खातेय. मी कोणालाच काही बोलले नाही. म्हटलं, रंगेहाथ पकडते. तोंडावर काय काय बोलायचं ते रात्रभर घोकून ठेवलं. चांगलं भाषण झालं होतं.

फटफटायला लागलं तेव्हा मी पॅसेजमध्ये दिवा न लावता खुर्चीवर बसले होते. वन्संच्या खोलीचं दार हळूच उघडलं. त्या अनवाणी मागच्या दाराने बाहेर गेल्या. हातात भाजी चिरायची लहान सुरी. वाफ्याशी उकिडव्या बसल्या, रात्रीतून वर आलेला एकेक कोंब बोटांनी चाचपला, मातीत सुरी घातली, कापला, बाहीला पुसला आणि खाल्ला. कच्चा. एक झाला की दुसरा. आवडीने खातात तसं नाही. औषधाची गोळी घशाखाली ढकलतात तसं, मान उंचावून, भराभर, आणि दर घासाला स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत. कोंब संपले तशी त्यांनी तळव्याने माती सारखी केली. मग उठल्या नाहीत. हात मातीवर ठेवून तशाच बसून राहिल्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

मी दार उघडून बाहेर गेले. शेवटचा घास त्यांच्या तोंडातच होता. मला पाहिलं आणि त्यांना तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना. गाल फुगलेले, डोळे मोठे झालेले.

घोकलेलं भाषण कुठे गेलं कोण जाणे. "आधी गिळा ते," मी म्हटलं. "अडकेल घशात."

त्यांनी गिळलं.

"कधीपासून?"

"पहिला कोंब आला तेव्हापासून."

"सगळे खाल्लेत?"

"टाकवत नव्हते गं. टाकायला काय, खताच्या खड्ड्यात टाकता आले असते. हात होईना."

"पण बारीकसुद्धा का कापलेत? तुम्हीच तर सांगता, बारीक कापायचे नाहीत म्हणून."

"ते ठेवले असते तर वाढले असते. तुला दिसले असते." त्या मातीकडेच बघत बोलत होत्या. "सगळे कापत गेलं की मुळांची ताकद जाते. पिसारा झालाच नाही तर ती खाणार काय? मरून जातात. मला कळत होतं ते. रोज कळत होतं आणि रोज कापत होते."

मी त्यांच्यासमोर मातीतच खाली बसले.

"आयुष्यभर मुळा आणि पालकच लावला मी," वन्सं म्हणाल्या. "ह्यांच्या बदल्या व्हायच्या. कारखान्याचं घर आज इथे, उद्या तिथे. महिन्याभरात हाताला येईल तेवढंच लावायचं. मुळं धरणारं काही लावलंच नाही कधी. तुझ्या अंगणात ही लावली तेव्हा तू विचारलंस ना, किती दिवस? तेव्हा पटकन तोंडातून निघून गेलं. म्हटलं, तीन वर्षं तर सुटली." त्यांनी सुरी पुसली. "असो. शब्द दिला होता तुला. पीक आलंय. पोटात घातलं म्हणून आलं नाही असं होत नाही. आजच आवरते मी."

आणि उठल्या आणि आत गेल्या. मान ताठ ठेवून.

ह्यांची सकाळची पाळी होती. चहा पिता पिता मी सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले. चहा निवला तरी कप हातातच.

"तू तिला म्हणालीस का, राहा म्हणून?"

"तुमची बहीण आहे, तुम्ही म्हणा."

"माझ्या म्हणण्यावर ती आली," हे म्हणाले. "पण माझ्या म्हणण्यावर ती राहायची नाही. घर तुझं आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

आणि टोपी चढवून निघून गेले. बस म्हणे कोणासाठी थांबत नाही. आता ती ह्यांच्याशिवाय जाणार कशी, ते विचारायचंही मला सुचलं नाही.

मी मशीनवर बसले. एक पँट घेतली, उलटी शिवली, उसवली. आतून कपाटाचा आवाज येत होता, हँगर एकमेकांवर आपटत होते. शेवटी उठले आणि त्यांच्या दारावर टकटक केलं.

वन्संनी दार अर्धं उघडलं. पलंगावर दोन्ही बॅगा होत्या. एक भरून बंद केलेली, दुसरी अर्धी.

"कुठे जाणार?"

"बघते."

"बघते नावाचं गाव कुठे आहे ते मला माहीत नाही. कुठे जाणार ते सांगा."

"कारखान्यातली एक मैत्रीण आहे. तिच्याकडे जाईन आधी."

"तिच्याकडे जागा किती?"

"आहे की. एक खोली आहे."

"आणि माणसं?"

त्या मागे वळून बॅगेकडे बघायला लागल्या. म्हणजे चार तरी असणार.

"वन्सं, राहा इथेच."

"तुला खोली लागते. सुतार माप घेऊन गेलाय. मीच धरला होता टेप."

"लागते. लागतेच मला खोली. नाही लागत असं खोटं बोलायचं नाहीये मला."

"मग?"

"मग काय मग! खोली लागते आणि तुम्हीपण लागता. दोन्ही लागतं. कसं जमवायचं ते मला माहीत नाही, भांडू आपण त्यावर, रोज भांडतोच आहोत. पण सकाळी खिडकीतून तुमची पाठ दिसली नाही तर मला सुईत दोरा ओवता यायचा नाही. आत्ताच एक पँट उलटी शिवलीय. जीव जडलाय माझा तुमच्यावर. झालं? काढून घेतलंत माझ्या तोंडून!"

मी चांगलीच ओरडत होते. शेजारी ऐकू गेलं असणार.

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. "दया येऊन म्हणतेयस," त्या हळूच म्हणाल्या.

"दया? मला? माझ्या गिऱ्हाइकांना विचारा, दयामाया कशाशी खातात ते मला माहीत तरी आहे का."

त्यांचे ओठ जरा हलले. पण हसल्या नाहीत.

"आणि त्या वाफ्याला आता कोणी सुरी लावायची नाही," मी म्हटलं. "उद्यापासून येईल तो कोंब वाढू दे. सगळा पिसारा होऊ दे. जगली तर जगली. पुढच्या वर्षी नाही तर त्याच्या पुढच्या वर्षी तिघं बसून खाऊ, शिजवून, मीठ घालून. वास काय, मला एकटीलाच येणार. तुम्हा भावंडांचं काय जातंय!"

"कसला वास?"

"सांगेन नंतर."

वन्संनी मान खाली घातली. बराच वेळ त्या दाराच्या कडीशी चाळा करत होत्या. मग त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. मी बाहेर उभी. आता या बाईला आणखी काय सांगायचं ते मला कळेना. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं.

आतून चेनचा आवाज आला.

माझा सगळा जन्म चेना बदलण्यात गेलाय. भरलेल्या बॅगेची चेन लावताना कोपऱ्यावर अडते, मग माणूस कापड दाबतं, पुन्हा ओढतं, असं दोन-तीनदा होतं. उघडताना ती एका दमात सरकते. मी श्वास रोखून ऐकलं. चेन एका दमात सरकली. मग कपाट उघडल्याचा आवाज आला आणि हँगर.

मी तिथेच पॅसेजमध्ये खाली बसले आणि तोंडात पदराऐवजी शिवायला घेतलेली ती पँट कोंबून रडले.

"वहिनी," आतून वन्संचा आवाज आला, "दारात बसून काय रडतेस? आत ये."